पोट साफ करणारे क्षार आणि बाकीच्या गोळ्या

जुलाबाच्या औषधांबद्दल आलेली पत्रे यावेळी एकत्र घेतली आहेत, कारण बहुतेकांचा रोख एकाच गटाकडे आहे: क्षारयुक्त रेचके. म्हणजे दुधासारखे पांढरे मिल्क ऑफ मॅग्नेशिया, एप्सम सॉल्ट ऊर्फ मॅग्नेशियम सल्फेट, आणि तपासणीआधी देतात ते सोडियम फॉस्फेटचे द्रावण. या सगळ्यांचे काम सारखेच. क्षार रक्तात फारसा शिरत नाही, आतड्यातच राहतो आणि पाणी ओढून घेतो. मळ सैल होतो आणि अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही पोट सुटते.

दुसऱ्या औषधांशी यांचे भांडण होते ते दोन तऱ्हांनी. एक भांडण घड्याळाने मिटते: दोन्ही औषधांमध्ये काही तासांचे अंतर ठेवले की झाले. दुसरे मात्र कितीही अंतर ठेवले तरी मिटत नाही, कारण ते किडनीशी आणि अंगातल्या पाण्याशी असते. लोक पहिल्याची चौकशी करतात आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात, हा माझा काउंटरवरचा रोजचा अनुभव.

प्रश्न : माझे वय ५८. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, दर रविवारी हाडांची अ‍ॅलेंड्रोनेट, दोन्ही जेवणांनंतर कॅल्शियम असे चालू आहे. रात्री झोपताना मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेते. रात्री विसरले तर पहाटे उठून घेते. चालेल ना? (सांगली)

रात्रीचे चालेल, पहाटेचे नाही. थायरॉइडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन्ही तिला आतड्यातच अडवतात, त्यामुळे दोघांपासून तिला ४ तासांचे अंतर हवे. पाचला रेचक आणि सहाला गोळी असे झाले, तर त्या दिवशी गोळीचा काही भाग वाया गेला असे समजा.

यात एक गंमत आहे, अर्थात भोगणाऱ्याला ती गंमत वाटत नाही. थायरॉइड कमी पडले की त्याचे एक लक्षण बद्धकोष्ठता. म्हणजे पहाटेच्या रेचकाने गोळी निकामी, गोळी निकामी म्हणून पोट जड, पोट जड म्हणून आणखी रेचक. मग थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडले की चढणारा आकडा) वाढलेला दिसतो आणि डॉक्टर ७५ ची गोळी १०० करतात, कारण पहाटेच्या बुचाबद्दल त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. पुढच्या भेटीत ते आवर्जून सांगा.

अ‍ॅलेंड्रोनेट तर याहून नाजूक. सगळे नियम पाळले तरी घेतलेल्या मात्रेचा १ टक्कासुद्धा रक्तात पोहोचत नाही. रविवारी ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची, किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि तेवढ्या वेळात पोटात दुसरे काही घालायचे नाही. ती आणि थायरॉइडची गोळी एकाच सकाळी आल्यावर कोणती आधी, हे डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या. त्या पहाटे रेचक अजिबात नको. रात्री राहिले तर राहू द्या, दुसऱ्या रात्री घ्या.

आणखी एक. तुमचे कॅल्शियम कार्बोनेट आहे का, ते पाकिटावर पाहा. तेच पोट बांधत असण्याची बरीच शक्यता आहे. सायट्रेट चालेल का, हे विचारायला हरकत नाही.

प्रश्न : लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन ५ दिवस दिले आहे. रेचक बंद करू का? (लातूर)

पाच दिवस बंद ठेवलेत तर उत्तम. सिप्रोफ्लॉक्सासिनचा रेणू मॅग्नेशियमला चिकटतो आणि ही जोडी आतड्यातून आत जात नाही. घ्यायचेच असेल तर अँटिबायोटिक आधी आणि रेचक निदान २ तासांनी. उलट क्रम असेल तर मध्ये ६ तास. गोळी दिवसातून दोनदा असताना हा हिशेब बसवणे कटकटीचे होते. लेव्होफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन यांनाही मॅग्नेशियमचे असेच वावडे आहे. अ‍ॅसिडिटीच्या पांढऱ्या-गुलाबी पातळ औषधांतही मॅग्नेशियम असते, हे विसरू नका. पुष्कळजण रेचक थांबवतात आणि जेवणानंतर ते औषध बिनदिक्कत पितात.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी. गुडघे दुखले की मेडिकलमधून अ‍ॅसिक्लोफेनॅक आणतात. क्रिएटिनिन १.९ आहे. गेले काही महिने रोज रात्री मिल्क ऑफ मॅग्नेशियाची दोन बुचे घेतात. ‘हे काय, लहान मुलांनाही देतात’ म्हणतात. (बार्शी)

दादा, हे पत्र मी सगळ्यांत आधी बाजूला काढले.

क्रिएटिनिन ही किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी. तिचा १.९ हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण ७१ वर्षांच्या पुरुषात त्याचा अर्थ किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ई-जीएफआर, साधारण ३७ वर आली आहे असा होतो. तरुण, निरोगी माणसात ती ९० च्या वर असते. शरीरात शिरलेले जास्तीचे मॅग्नेशियम बाहेर टाकायला किडनीखेरीज दुसरी वाट नाही.

आता त्या दोन बुचांचा हिशेब करू. ५ मिलीत ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, ही या औषधाची नेहमीची ताकद. दोन बुचे म्हणजे ३० मिली धरले तर २४०० मिलिग्रॅम, आणि त्यात नुसते मॅग्नेशियम सुमारे १००० मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची आहारातली रोजची गरज ३०० ते ४२० च्या घरात. या हजारातले बरेचसे मळाबरोबर जाते, पण थोडे शोषले जातेच. धडधाकट किडनी ते फेकून देते. वडिलांच्या किडनीला ते जमेलच असे नाही, आणि मग ते दररोज थोडे थोडे साठते. त्याची लक्षणे फसवी असतात: ग्लानी, हातापायांतली ताकद जाणे, मळमळ, रक्तदाब उतरणे, नाडी मंदावणे. घरचे म्हणतात, ‘वय झाले, हल्ली झोपूनच असतात.’ फार वाढले तर श्वासावर आणि हृदयावर येते.

झाले ते एवढेच नाही. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारे क्लोरथॅलिडोन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी हे त्रिकूट किडनीला तसेही जड जाते. त्यात रेचकाने पाणी कमी केले की किडनी अचानक बसू शकते. येथे सकाळ-संध्याकाळचे अंतर काही कामाचे नाही.

तेव्हा रेचक आजपासून बंद, आणि गुडघ्याची गोळी स्वतःहून आणणेही बंद. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका. या आठवड्यात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि सीरम मॅग्नेशियम तपासून डॉक्टरांना दाखवा. मॅग्नेशियम नेहमीच्या पॅनेलमध्ये नसते, चिठ्ठीवर वेगळे लिहून घ्यावे लागते. वर लिहिल्यासारखी गुंगी किंवा अशक्तपणा आजच दिसत असेल तर आठवडा नको, आजच दवाखाना गाठा. पर्याय म्हणून किडनीच्या रुग्णांना बहुधा लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. कोणते आणि किती, हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. पोटॅशियम उतरवण्याची पावडर (सोडियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट) कधी सुरू झाली, तर तिच्याबरोबर मॅग्नेशियमचे रेचक मुळीच नको.

लहान मुलांनाही देतात, हे खरे. पण त्या मुलांची किडनी शाबूत असते आणि त्यांच्या चिठ्ठीवर ही तीन औषधे नसतात. वडिलांना असेच सांगून पाहा. नाहीच ऐकले तर बाटली उचलून ठेवा. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हा सल्ला उद्धट वाटेल, पण माझा इलाज नाही.

प्रश्न : पुढच्या सोमवारी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आहे. मला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. आदल्या दिवशीच्या औषधाचा कागद मिळाला, पण या गोळ्यांबद्दल त्यात काहीच नाही. (ठाणे)

कागद देणाऱ्याला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा.

पहिली, औषध कोणते? पॉलिएथिलीन ग्लायकॉलची मोठी पिशवी असेल तर ती दीड-दोन लिटर पिणे हाच काय तो ताप, अंगातले क्षार फारसे बिघडत नाहीत. सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली असेल तर मात्र क्रिएटिनिन पाहिल्याखेरीज घेऊ नका. फॉस्फेटमुळे किडनीला इजा झाल्याच्या नोंदींनंतर अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रण खात्याने) २००८ मध्ये फॉस्फेटच्या गोळ्यांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. २०१४ मध्ये पुन्हा बजावले की दुकानात मिळणारे फॉस्फेटचे रेचक २४ तासांत एका मात्रेच्या वर नको. ५५ च्या पुढचे, किडनीचे रुग्ण, अंगात पाणी कमी असलेले, आणि लघवीच्या, रक्तदाबाच्या काही वा वेदनाशामक गोळ्या घेणारे यांनी आधी विचारावे असे त्यात म्हटले आहे. बाटली छोटी म्हणून लोकांना ती सोयीची वाटते, नेमके तिथेच फसायला होते.

दुसरी, कोणती गोळी केव्हा थांबवायची? डापाग्लिफ्लोझिनने लघवीवाटे साखर आणि पाणी जाते. उपाशी पोट आणि जुलाब यांच्या जोडीने, साखर फार वाढलेली नसतानाही, ही गोळी रक्तात आम्ल साठवू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधी ती निदान ३ दिवस बंद ठेवायला सांगतात. कोलोनोस्कोपीच्या उपासालाही पुष्कळ डॉक्टर हाच नियम लावतात. म्हणजे हा फोन रविवारी करून उपयोग नाही, आत्ताच करायला हवा. ग्लिमेपिराइड जेवणाच्या हिशेबाने दिलेली असते. जेवण नसताना घेतली तर साखर एकदम खाली येते. मेटफॉर्मिनही त्या दिवसात बहुधा थांबवतात. तिन्हींची तारीख-वेळ लिहूनच घ्या. घरी ग्लुकोमीटर असेल तर त्या दिवशी चार-सहा तासांनी साखर पाहा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिचा विषय वेगळा काढा, कारण आतड्यातला मोड (पॉलिप) काढायची वेळ आली तर रक्तस्राव होऊ शकतो.

तिसरी, चालू ठेवायच्या गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या? पोट सुटण्याचे औषध सुरू करण्याच्या तासाभरात गिळलेली गोळी न विरघळता बाहेर पडू शकते. नेहमीच्या महत्त्वाच्या गोळ्या त्याच्या बऱ्याच आधी घेऊन मोकळे व्हा.

प्यायला पाणी, गाळलेले वरणाचे पाणी, लिंबू सरबत चालते. साखर घसरली तर उपयोगी पडते म्हणून साखरेचे सरबत हाताशी ठेवाच. कोकम सरबत मात्र नको. आतड्यात तो लाल रंग दिसला की रक्त आहे की काय, असा डॉक्टरांचा घोटाळा होतो. शहाळे चालते, पण किडनी अधू असेल किंवा पोटॅशियम वाढलेले असेल तर तेही नको.

प्रश्न : द्राक्षबागेसाठी मॅग्नेशियम सल्फेटची गोणी घरात असतेच. हेच एप्सम सॉल्ट ना? मग चमचाभर पाण्यातून घेतले तर? शिवाय गावात शंखप्रक्षालनाचे शिबिर आहे, मला रक्तदाब आहे, जाऊ का? (निफाड)

रसायन तेच, माल तो नव्हे. कृषी सेवा केंद्रातली गोणी खत म्हणून तपासलेली असते, औषध म्हणून नाही. तिच्यातल्या जड धातूंची मर्यादा माणसाच्या पोटाचा विचार करून ठरवलेली नसते. वर चमचा कुणाचा लहान, कुणाचा शीग लावून भरलेला. गोणी बागेतच बरी. आणि औषधी एप्सम सॉल्ट आणले, तरी बार्शीच्या पत्रात किडनीबद्दल जे लिहिले ते त्यालाही लागू आहे. एप्सम सॉल्ट, तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘पित्ताचे खडे पाडण्याचा’ प्रयोग हल्ली फिरतो आहे. त्यात पडणारे हिरवट गोळे बहुधा त्याच तेलाचे साबणासारखे झालेले गठ्ठे असतात. खडे पित्ताशयात होते तिथेच राहतात.

शंखप्रक्षालन म्हणजे कोमट मिठाचे पाणी पिणे, ठरलेली आसने करणे आणि स्वच्छ पाणी पडेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करणे. म्हणजे हेही क्षारयुक्त रेचकच, फक्त दुकानातून न आणलेले. लिटरला ५ ग्रॅम मीठ धरले तरी ३ लिटरमध्ये १५ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यातले बरेच बाहेर पडते, सगळे नाही. रक्तदाब, हृदयाची कमजोरी, किडनीचा आजार किंवा लघवीची गोळी असेल तर माझे मत नाही असेच आहे. शिबिरातल्या खिचडी-तुपाला जायला हरकत नाही.

प्रश्न : भाऊ लिथियम घेतो. पोट साफ होत नाही. मिल्क ऑफ मॅग्नेशिया देऊ का? (वर्धा)

मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणतेही जुलाबाचे औषध नको. अंगातले पाणी आणि सोडियम कमी झाले की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. हात जास्त थरथरणे, तोल जाणे, बोलताना जीभ जड होणे, उलट्या-जुलाब यातले काही दिसले तर त्याच दिवशी पातळी तपासून घ्या.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. आरोग्य केंद्रातून लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम मिळते. लोह सुरू केल्यापासून खडा होतो. सासूबाई एरंडेल घ्यायला सांगतात. (जव्हार)

एरंडेल नको, त्याने गर्भाशयाला कळा येऊ शकतात. सासूबाईंना माझे नाव सांगा. लोहाच्या गोळ्याही बंद करू नका. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका, तो लोहाचाच.

आधी पाणी वाढवा, जेवणात पालेभाजी आणि उसळ ठेवा. तेवढ्याने भागले नाही तर आशाताईंमार्फत किंवा स्वतः जाऊन आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना (एएनएम) सांगा, त्या डॉक्टरांना विचारून औषध देतील. मिल्क ऑफ मॅग्नेशिया गरोदरपणात थोडे दिवस देतात, पण रक्तदाब वाढला असेल किंवा किडनीचा काही त्रास असेल तर तो आधी सांगायला हवा. ते मिळाले तर लोहाच्या गोळीपासून निदान २ तास दूर ठेवा. कॅल्शियम आणि लोह यांच्यातही तेवढेच अंतर. सोपे करायचे तर कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबर, लोह मधल्या वेळी लिंबू पिळलेल्या पाण्यातून आणि रेचक रात्री झोपताना. लोहाच्या गोळीवर लगेच चहा मात्र घेऊ नका.