गळा तयार आहे, पण कान?

सिंहगड रस्त्यावरून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी कला शाखेत, गाण्याची मध्यमा परीक्षा झालेली. आजोबांच्या बायपास शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ती त्यांच्या उशाशी अभंग गुणगुणत बसली आणि त्यांची घालमेल थांबली. आता तिला हॉस्पिटलात गाण्याचंच काम करायचंय. वडील विचारतात, यात पोट भरतं का?

ताई, नुसत्या त्यावर पुण्यात आज तरी अवघड. पगारी जागा क्वचित निघते. पण हे खूळ नाही. अमेरिकेत १९४४ मध्येच मिशिगनच्या विद्यापीठात याचा, म्हणजे संगीतोपचाराचा (म्युझिक थेरपी), पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. संगीत ऐकून शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी होते, असं २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यातही, म्हणजे अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासातही, दिसलं. अर्थात त्यातलं बहुतेक संगीत ध्वनिमुद्रित होतं. मग माणूस कशाला हवा? कारण मोबाइलला पेशंटचा श्वास दिसत नाही. समोर बसलेला गायक आधी त्या धापेच्या लयीत शिरतो आणि मग पेशंटला हळूहळू ठाय, म्हणजे संथ लयीत आणतो. अमेरिकेतल्याच अकरा रुग्णालयांत २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर असा प्रत्यक्ष संगीताचा प्रयोग झाला. आईवडिलांच्या आवडीचं गाणं अंगाईसारखं गायलं गेलं, तेव्हा आईवडिलांचाही ताण उतरला.

म्हणून लेकीला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करू द्या, सोबत गाण्यातली विशारद. पुढे समुपदेशनात एम.ए. केलं की पोटाचा प्रश्न त्यावर सुटतो आणि संगीतोपचाराचं प्रशिक्षण वर चढवता येतं. पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात त्याचं केंद्र आहे. मात्र 'अमुक आजारावर अमुक राग' असं वीकेंडला शिकवून सर्टिफिकेट देणाऱ्यांकडे फी भरू नका. दरबारी राग म्हणजे काही गोळी नव्हे. एखाद्याला त्याच रागाने वडिलांची मयत आठवेल.

सध्या तिने आठवड्यातून एकदा ओळखीच्या वृद्धाश्रमात जावं, रीतसर परवानगी काढून. ताना नकोत, माइक नको, मोबाइलवरचा तानपुरा पुरे. आधी विचारायचं, 'आजी, काय ऐकाल?' उत्तर 'काही नको' आलं, तर गप्प बसून राहायचं. सवाई गंधर्व महोत्सवात गायला बसायची स्वप्नं बघणाऱ्या मुलीला हे जड जाईल. सहा महिने टिकली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा वडिलांनाही सोबत घेऊन या.