सल्ला तुमच्या प्रश्नाला : फोन ताईंच्या मदतीला हवा

प्रश्न : आई ८२ वर्षांची आहे, तिला स्मृतिभ्रंश आहे. तिच्याजवळ एक ताई चोवीस तास राहतात. मी आणि भाऊ दूर असतो. भावाचं म्हणणं, घरभर कॅमेरे लावू आणि ताईंना एक ॲप देऊ, त्यात दर तासाला नोंद करतील. ताईंना वाचता येतं, पण लिहायला वेळ लागतो. त्या हल्ली थकलेल्या वाटतात. काय करावं? – एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ताई थकल्या आहेत. दर तासाच्या नोंदीने त्यांच्या कामात भरच पडेल. परिचारिका म्हणून मी अनेक घरांत गेले आहे. ज्या घरी ताईंना आधी विचारलं, ‘तुम्हाला कुठे अडतं?’, त्याच घरी ही साधनं टिकली.

लिहिणं जड जातं ना, मग लिहायला लावूच नका. बीपी घेतलं की यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा. बाकी काही वेगळं दिसलं तर व्हॉइस मेसेज. फक्त बीपी घेण्याआधी आईला पाच मिनिटं शांत बसवायचं आणि हात छातीच्या पातळीवर टेकवायचा, नाहीतर त्या फोटोचा उपयोग नाही.

गोळ्यांसाठी अलार्म लावाच, पण तो वाजला म्हणजे गोळी दिली असं होत नाही. आई मध्येच उठते, ताई तिच्यामागे धावतात आणि परत आल्यावर प्रश्न पडतो, दिली की राहिली? म्हणून सात दिवसांचे कप्पे असलेली डबी आणा आणि गोळी दिल्यावर रिकाम्या कप्प्याचा फोटो ठेवायला सांगा. शंका असेल तर अंदाजाने दुसरी गोळी द्यायची नाही, आधी कप्पा बघायचा आणि फोन करायचा. डॉक्टरांनी औषध बदललं की जुना अलार्म त्याच दिवशी तुम्ही काढा. हे काम ताईंवर सोडू नका.

आता रात्रीचं. पलंगावरून उठताच घंटी वाजवणाऱ्या गाद्या मिळतात, चांगल्या असतात. पण ती घंटी ऐकून उठणार ताईच. रात्री तीनदा उठलेल्या माणसाला दिवसा सलग झोप हवी, आणि ती कोणतंही यंत्र देत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक करारात आठवड्याला सलग २४ तास विश्रांतीचं किमान प्रमाण दिलं आहे. तुम्ही भावंडांनी फोनमध्ये सामायिक कॅलेंडर उघडा, त्यात पहिली नोंद ताईंच्या सुट्टीची करा आणि मग बदली कोण येणार ते लिहा. सुट्टी ‘जमलं तर’ या भरवशावर ठेवली की ती कधीच मिळत नाही, हे मी फार पाहिलं आहे.

बदली माणसाची अडचण होऊ नये म्हणून ताईंनाच छोटे व्हिडिओ करायला सांगा : आईला कुशीवर वळवताना हात कुठे धरायचा, चिडली की तिच्याशी कुठल्या विषयावर बोलायचं. अंगावर पूर्ण कपडे असतानाच चित्रण करायचं. ताईंचं हे ज्ञान तुम्हा दोघांकडेही नाही, ते जपायला हवं.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आई दार उघडून बाहेर जात असेल तर दाराशी एक लावा, ताईंना सांगून. न्हाणीघरात आणि ताई झोपतात तिथे कधीही नाही. आई नीट सांगू शकत नसली तरी तिलाही लाज आहे.

आणि हे आजच करा : ताईंच्या फोनमध्ये तुमचा, भावाचा, डॉक्टरांचा आणि जवळ राहणाऱ्या एका माणसाचा नंबर अगदी वर ठेवा. आईच्या औषधांचा, ॲलर्जीचा कागद फोटो काढून त्यातच साठवा. तुमचा फोन लागला नाही तर पुढचा कुणाचा लावायचा, तो क्रम ताईंशी बोलून ठरवा.