ॲप तयार आहे, पण डेव्हलपर म्हणून नोंदणी करताना नेमकं कुठे अडतं?

ॲप लिहून झालंय, ते गूगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवर टाकायचंय. खातं स्वतःच्या नावाने काढू की व्यवसायाच्या, आणि किती दिवस धरून चालू, असं तुम्ही विचारलंय. दिवसांचं आधी सांगतो: वैयक्तिक खात्याला निदान चार आठवडे आणि संस्थेच्या खात्याला दीड महिना हाताशी ठेवा. फी भरणं सोपं आहे. गूगलला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. वेळ खाते ती नावांची जुळवाजुळव.

वैयक्तिक की संस्था, हे आधी ॲपच्या विषयावरून ठरवा. कर्ज, गुंतवणूक, क्रिप्टो वॉलेट, वैद्यकीय सेवा, व्हीपीएन किंवा सरकारी सेवा असं काही असेल तर गूगलला संस्थेचंच खातं लागतं. बाकीच्यांना निवड आहे. पण ॲपलकडे एकट्याच्या मालकीचा व्यवसाय हा 'वैयक्तिक' धरतात. म्हणजे दुकानाचं किंवा ब्रँडचं नाव कितीही जुनं असलं तरी विक्रेता म्हणून तुमचं कायदेशीर नावच दिसेल. संस्था म्हणून नोंदायचं तर कायद्याने स्वतंत्र अस्तित्व असलेली कंपनी वगैरे हवी. नुसतं व्यापारी नाव किंवा शाखा चालत नाही.

संस्थेसाठी दोन्हीकडे डी-यू-एन-एस नंबर, म्हणजे व्यवसायाची ओळख पटवणारा क्रमांक लागतो. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी तो नऊ आकडी नंबर मोफत देते, त्यामुळे लवकर मिळवण्याच्या नावाखाली पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा. आणि नवा अर्ज करण्याआधी आपल्या संस्थेला तो आधीच मिळालाय का, हे शोधून पाहा. बऱ्याचदा मिळालेला असतो, फक्त त्यावर जुना पत्ता असतो. नवा नंबर मिळायला गूगल ३० दिवसांपर्यंत धरायला सांगतं. नंबर आला की लगेच खातं उघडायला धावू नका, ॲपलकडे तो पोचायला आणखी एक-दोन कामाचे दिवस लागतात.

खरी गोम इथे आहे. गूगल संस्थेचं नाव आणि पत्ता डन अँड ब्रॅडस्ट्रीटच्या याच नोंदीतून उचलतं. नोंदणीपत्रावर 'प्रायव्हेट लिमिटेड' पूर्ण लिहिलंय आणि तिथे 'प्रा. लि.' आहे, किंवा जुना पिन कोड राहिलाय, एवढ्यानेही पडताळणी अडकू शकते. दुरुस्ती प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीच्या गूगलच्या पानावर) नाही, डन अँड ब्रॅडस्ट्रीटकडे करावी लागते आणि मग पुन्हा थांबावं लागतं. म्हणून आधी नोंदणीपत्र समोर ठेवा आणि तेच नाव अक्षरशः सगळीकडे वापरा. वैयक्तिक खात्यातही हाच नियम: ओळखपत्रावर मधलं नाव असेल तर पेमेंट प्रोफाइलमध्येही (गूगलकडे पैशांच्या व्यवहारासाठी भरलेल्या माहितीतही) ते असावं. ॲपल अकाउंटच्या नावाच्या रकान्यात टोपणनाव किंवा कंपनीचं नाव टाकलं तर अर्ज रेंगाळतो.

संस्थेची वेबसाइट सुरू असलेली, स्वतःच्या डोमेनवरची हवी. 'लवकरच येत आहे' एवढंच पान ठेवू नका. गूगलसाठी डोमेन सर्च कन्सोल या त्यांच्याच साधनातून आपलं असल्याचं दाखवावं लागतं, ॲपलला त्याच डोमेनवरचा ईमेल हवा असतो. ॲपलकडे अर्ज करणारी व्यक्ती करार करण्याचा अधिकार असलेली असावी लागते. कामावर घेतलेल्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या अधिकारात भरलेला अर्ज तिथेच अडतो.

फी प्रीपेड कार्डाने भरू नका, गूगल ते घेत नाही. पेमेंट प्रोफाइलचा देशही नीट निवडा, तो नंतर बदलता येत नाही.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक गूगल खात्याला आणखी एक टप्पा आहे: क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (निवडक लोकांकडून ॲप तपासून घेण्याच्या टप्प्यात) किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस. आधी ही संख्या २० होती. इंटर्नल टेस्टिंगमधले (आपल्या मोजक्या माणसांपुरत्या चाचणीतले) दिवस यात धरले जात नाहीत, आणि नुसती ईमेलची यादी भरून भागत नाही. प्रत्येकाने लिंक उघडून सहभाग स्वीकारायला हवा. मध्येच दोघे बाहेर पडले आणि संख्या १२ च्या खाली गेली तर सलगपणा तुटतो, म्हणून १५-१६ जण घ्या. त्यांनी ॲप खरोखर वापरावं, कारण ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याच्या पुढच्या अर्जात काय अभिप्राय आले आणि काय बदललंत हे विचारतात. पैसे घेऊन 'परीक्षक पुरवणाऱ्यां'च्या नादी लागू नका, न वापरलेलं ॲप तिथेच परत येतं. कोणाचं तयार खातं विकत घेणं तर त्याहून वाईट. आधीच्या मालकाने केलेल्या उल्लंघनांपायी तुमचं ॲप बंद होऊ शकतं.

पत्त्याबद्दल कोणी आधी बजावत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. वैयक्तिक गूगल खात्यातून पैसे कमावणार असाल तर तुमचा पूर्ण पत्ता स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. युरोपियन युनियनमध्ये व्यापारी म्हणून ॲप देणाऱ्याचा पत्ता, फोन आणि ईमेल ॲपलही दाखवतं. व्यापारी आहात की नाही हे न कळवलेली ॲप्स १७ फेब्रुवारी २०२५ पासून तिथल्या स्टोअरमधून काढली जाऊ लागली. घरचा पत्ता उघड नको असेल तर अधिकृत पत्राचार स्वीकारता येईल असा दुसरा पत्ता अर्जाआधीच ठरवा, कारण नंतर बदलला की पडताळणी पुन्हा होऊ शकते.