शत्रूच्या ‘रेषेमागे’ की पिछाडीला?

प्रश्न असा आला आहे: दुसऱ्या महायुद्धावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद चालू आहे. शत्रूच्या मुलखात शिरून बातम्या काढणारे, पूल उडवणारे, अचानक तुटून पडणारे लोक त्यात पानोपानी येतात. ‘शत्रूच्या रेषांमागे’ हे कानाला खटकतं, त्याला काय लिहावं? सगळ्यांना सरसकट ‘गुप्तहेर’ म्हटलं तर चालेल का? ‘गेरिला’ला ‘गनिमी’ लिहावं का?

कान बरोबर सांगतो आहे. मराठीत सैन्याला रेषा नसते, आघाडी आणि पिछाडी असते. त्यामुळे ‘शत्रूच्या पिछाडीला’ किंवा ‘पिछाडीत शिरून’ लिहावं. फक्त ‘पिछाडीवर’ टाळा. निवडणुकीच्या बातम्यांनी आणि क्रिकेटने त्या ‘वर’चा अर्थ बदलून टाकला आहे. ‘ते शत्रूच्या पिछाडीवर होते’ असं वाचलं की आजच्या वाचकाला आपली बाजू हरते आहे असं वाटेल. (घोड्याच्या पुढच्या-मागच्या पायांना बांधायच्या दोऱ्यांनाही आघाडी-पिछाडीच म्हणत.)

आता माणसांकडे वळू. ‘गुप्तहेर’ हा शब्द युद्धाच्या पुस्तकात शक्यतो नकोच. हेर गुप्त असतोच, आणि ‘गुप्तहेर’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो खून उलगडणारा खासगी तपासनीस. ‘हेर’ पुरे. त्याचं क्रियापद अजून घराघरांत जिवंत आहे: मोका हेरला, जागा हेरून ठेवली. ‘जासूस’ आता हिंदीचा वास देतो. मराठी कागदपत्रांत रूप ‘जासूद’ असं आहे, पण तो बरेचदा निरोप्या, पत्रं पोचवणारा असतो. दोघांना मिळून पाठवायची पद्धत असल्याने ‘जासूदजोडी’ हा शब्द भेटतो. ‘नजरबाज’ हा शिवकाळाचा शब्द. बहिर्जी नाइकांच्या संदर्भात तो शोभतो, बर्लिनमधल्या माणसाला लावला तर वेषांतर केल्यासारखा दिसतो.

मात्र बातमी काढणारा प्रत्येक जण हेर नाही, आणि अनुवादात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. १९०७च्या हेग नियमावलीतलं, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतलं, २९वं कलम हेराची व्याख्या करतं: युद्धक्षेत्रात लपूनछपून किंवा खोट्या बहाण्याने माहिती मिळवणारा, आणि ती विरुद्ध बाजूला पोचवायचा हेतू असलेला. गणवेश न लपवता शत्रूच्या प्रदेशात शिरून माहिती काढणारा सैनिक हेर ठरत नाही, हे तेच कलम स्पष्ट सांगतं. पकडलेल्या हेराला खटल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. हेरगिरी करून आपल्या सैन्यात परतलेला माणूस नंतर कधी हाती लागला, तर त्याला युद्धकैदी मानायचं असतं, जुन्या हेरगिरीचा जाब विचारता येत नाही. म्हणजे अंगावरचे कपडे बदलले की शब्द बदलतो, आणि शब्दाबरोबर त्या माणसाचं नशीबही.

लिबियाच्या वाळवंटातलं उदाहरण घ्या. १९४२मध्ये ब्रिटिशांच्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपची माणसं शत्रूच्या आघाडीपासून शेकडो किलोमीटर मागे, किनाऱ्याच्या हमरस्त्याजवळ दबा धरून बसत. उजाडायच्या आत दोघांनी रस्त्यापासून काहीशे मीटरवर यायचं, एखाद्या खुरट्या झुडपाआड आडवं व्हायचं आणि अंधार पडेपर्यंत हलायचं नाही. किती ट्रक गेले, किती रणगाडे, कोणत्या दिशेला, सगळं टिपायचं. काम हेराचं, पण हे हेर नव्हेत. हे टेहळणी पथक. आपल्याकडे गडांवर टेहळणी बुरूज आहेत, टेहळ्याही आहे. तिथे ‘हेरगिरी’ लिहून आपण त्या सैनिकांना नकळत फासाच्या दोरापर्यंत नेतो.

उलटही घडतं. डिसेंबर १९४४मध्ये जर्मनांनी इंग्रजी बोलणारे सैनिक अमेरिकन गणवेशात अमेरिकन फौजेच्या मागे पाठवले. त्यांतले जे पकडले गेले, त्यांच्यापैकी अनेकांना हेर म्हणूनच गोळ्या घातल्या गेल्या. ते सैनिक होते, पण त्या वेशात त्यांना ‘टेहळणी पथक’ म्हणता येणार नाही. मोहिमेचा म्होरक्या ओटो स्कोर्झेनी १९४७च्या खटल्यात सुटला. शत्रूचा गणवेश घालणं वेगळं आणि तो घालून लढणं वेगळं, या फरकाने तो वाचला.

‘कमांडो’ला मराठी शब्द शोधू नका, तो पचलेला आहे. पण एक खड्डा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात कमांडो म्हणजे एक माणूस नव्हे, तर एका भागातून गोळा झालेली घोडेस्वारांची अख्खी टोळी. ब्रिटिशांनी १९४०मध्ये हा शब्द उचलला तोही तुकडीसाठी. त्यामुळे मूळ मजकुरात क्रमांक घातलेला कमांडो दिसला की ती चार-पाचशे माणसांची तुकडी समजायची. ‘२ क्रमांकाचा कमांडो सेंट नाझेरच्या गोदीत शिरला’ असं लिहिलंत तर मार्च १९४२चा फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा तो प्रचंड छापा एका बहाद्दराच्या नावावर जमा होईल. ‘२ क्रमांकाची कमांडो तुकडी’ म्हणा.

‘छापा’ हा नेमका शब्द आहे: अचानक यायचं, ठरलेलं काम उरकायचं, निघून जायचं. एप्रिल १६६३मध्ये लाल महालात शायिस्तेखानावर पडला तो छापा. डिसेंबर १९७१मध्ये आपल्या पॅरा कमांडोंनी सिंधमधल्या चाचरोवर घातला तोही छापाच. पण ब्रिटिश सेनाधिकारी विंगेटच्या ‘चिंडिट’ नावाच्या सैनिकांना हा शब्द लावू नये. १९४३मध्ये सुमारे ३,००० माणसं ब्रह्मदेशात जपान्यांच्या मागे शिरली, विमानातून टाकलेल्या शिध्यावर आठवडेच्या आठवडे जंगलात राहिली. त्याला ‘मुसंडी’ म्हणा. छापा घालणाऱ्यासाठी मात्र मराठीत सुटसुटीत नाम नाही. ‘छापेमार’ हिंदी आहे. नामाचा हट्ट सोडून ‘छापा घालणारी तुकडी’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

‘घुसखोर’ अर्थाने चालेल, पण हा शब्द बाजू घेतो. १९६५ किंवा १९९९ची वर्तमानपत्रं आठवा: घुसखोर नेहमी पलीकडचे असतात, आपले जवान ‘शिरकाव’ करतात. निवेदक तटस्थ असेल तर ‘शिरकाव’च बरा.

‘घातपात’ही असाच जपून वापरायचा. ‘अपघात की घातपात?’ या मथळ्याने तो संशयास्पद मृत्यूशी जोडला गेला आहे. शिवाय ‘कारखान्याचा घातपात केला’ असं मराठीत होत नाही. कारखान्यात घातपात घडवतात. नॉर्वेतल्या वेमोर्कची रात्र पाहा, २७ फेब्रुवारी १९४३. जड पाणी तयार करणारा तो कारखाना. नऊ नॉर्वेजियन सैनिक, त्यांतले चौघे सुरुंग लावायला, पाच जण बाहेर पहाऱ्याला. वात दोन मिनिटांची होती, ती कापून तीस सेकंदांची केली, म्हणजे आपला स्फोट झाला हे कानांनी ऐकूनच निघता येईल. वात पेटवायच्या बेतात असताना रखवालदाराला आठवलं की चष्मा सापडत नाही, आणि तो शोधून देईपर्यंत सगळे थांबले. अठरा संच फुटले, एकही गोळी सुटली नाही. अंगावर ब्रिटिश गणवेश होते आणि जाताना एक ब्रिटिश बंदूक मुद्दाम टाकून दिली होती, की सूड आसपासच्या लोकांवर उगवला जाऊ नये. अशांना ‘घातपाती’ लिहिलं तर ते गुन्हेगारांच्या रांगेत बसतात. ‘सुरुंग लावणारी तुकडी’ लिहा. गणवेशाने त्यांचा स्वतःचा जीव वाचलाच असता असंही नाही. हिटलरने ऑक्टोबर १९४२मध्येच हुकूम काढला होता की असे कमांडो गणवेशात असले तरी ठार करावेत. याच कारखान्यावर आधी पाठवलेली ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, कोसळली, तेव्हा वाचलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या वाट्याला तेच आलं.

नूर इनायत खानसारख्यांची पंचाईत वेगळी. १९४३मध्ये ती ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेकडून पॅरिसमध्ये साध्या कपड्यांत बिनतारी संदेश पाठवत होती. ही संघटना प्रामुख्याने घातपात आणि प्रतिकाराची बांधणी यांसाठी होती, बातम्या काढणं हे मुख्य काम नव्हे. ‘एजंट’ म्हटलं की विमा आठवतो आणि ‘हस्तक’ शिवीसारखा लागतो. ‘बिनतारी यंत्रचालक’ असं कामाचंच नाव द्या.

‘फितूर’ यांच्यात मिसळू नका. हेर शत्रूने पाठवलेला असतो, फितूर आपल्यातलाच असतो. कोर्टात साक्षीदार फितूर होतो, हेर होत नाही.

राहिला ‘गनिमी’. गनीम म्हणजे शत्रू, त्यामुळे ‘गनिमी सैनिक’चा सरळ अर्थ शत्रूचे सैनिक! कावा म्हणजे मुळात घोडा गोल फिरवणं, त्यावरून डाव, कपट. गनिमी कावा ही लढायची रीत आहे, माणूस नव्हे. तेव्हा ‘गनिमी काव्याने लढणारे’ लिहा. स्पॅनिशमध्येही गेरिलाचा मूळ अर्थ ‘छोटं युद्ध’ असाच. दोन्ही शब्द ‘ग’ने सुरू होतात एवढंच, नातं काही नाही.

क्रियापदं जुळली की वाक्य आपोआप मराठी होतं. हेर पेरतात, छापा घालतात, पूल उडवतात, वाट अडवतात, रसद तोडतात. ‘हवाई छत्र्यांनी शत्रूच्या पिछाडीला उतरून त्यांनी रसद तोडली’ हे वाक्य कुणालाही अडखळवणार नाही. ही रसद फारसी भाषेतून आलेली, अर्थ दाणागोटा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या हेरांच्या यादीतही एक ‘रसद’ आहे. तो संस्कृत, आणि त्याचा अर्थ विष घालणारा.