भाडं मागायला जीभ रेटत नाही

एखादा जास्तीचा फ्लॅट भाड्याने देऊन त्यावर घरखर्च भागवणारी बरीच निवृत्त मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि सुरुवातीला भाड्याचं नावही काढत नाहीत. झोप नाही, छातीत धडधडतं, मुलांशी खटके उडतात, एवढंच सांगतात. दोन-तीन भेटींनंतर कळतं की फोनवर भाडेकरूचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो. मग खरा प्रश्न बाहेर पडतो: हे मला एकट्याने झेपेल, की विकून मोकळं व्हावं?

कोथरूडच्या एका काकूंचंही असंच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय साठीच्या पुढे, यजमान नुकतेच गेलेले. सिंहगड रोडला एक वन बीएचके, वारज्याला दुसरा, दोन्ही भाड्याने दिलेले. व्यवहार सगळा यजमान बघायचे. मुलगा बेंगळुरूला. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचं एकच: "आई, विकून टाक ना एकदाचं."

सिंहगड रोडच्या घरात नागपूरकडचं तरुण जोडपं राहत होतं. त्यातल्या नवऱ्याची नोकरी गेली आणि दोन महिन्यांचं भाडं थकलं. यजमानांनी केलेला करारही संपला होता. राहणं तोंडी बोलीवर चालू होतं. काकू दर आठवड्याला काही ना काही निमित्त काढून तिथे जायच्या. कधी डाळिंबं द्यायला, कधी मीटरचं रीडिंग बघायला. घर जागेवर आहे ना, ते डोळ्यांनी बघून यायच्या, पण भाड्याचा शब्द काढायच्या नाहीत. "ती पोरगी लगेच चहा टाकते गं. तिच्यासमोर पैसे कसे मागू?" आणि रात्री दोनला उठून कराराची फाईल चाळायच्या. संशय आणि संकोच, दोन्ही एकदमच. समोरच्याला यातलं काय कळणार? काकू सारख्या येतात आणि पैशांची त्यांना घाई नाही, एवढंच त्याला दिसत होतं.

"भीती नेमकी कशाची वाटते?" मी विचारलं.

"घरच गेलं तर?"

दोन महिन्यांच्या थकबाकीवरून त्या थेट घर जाण्यापर्यंत कशा पोचल्या, ते माहेरच्या वाड्याचा विषय निघाल्यावर उलगडलं. सदाशिव पेठेतला वाडा. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने घेता येणारं कमाल भाडं, १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून ठेवलं होतं, त्यामुळे कौलं शाकारण्याचा खर्चही वर्षाच्या भाड्यातून निघत नसे. त्यात वडिलांनी ओळखीच्या एका गृहस्थांना दोन खोल्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता नुसत्या राहण्याच्या परवान्यावर, दिल्या. १९७३मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा असा परवाना चालू होता, त्यांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. ते गृहस्थ वाडा पडेपर्यंत तिथेच राहिले. अशा गोष्टी ऐकत मोठी झालेली पुण्या-मुंबईतली एक पूर्ण पिढी आज घरमालक आहे. त्यांना उगाच घाबरट म्हणणाऱ्या मुलांनी हा इतिहास जरा वाचावा.

मी वकील नाही. काकूंना मी प्रश्न कागदावर लिहायला लावले आणि वकिलाकडे धाडलं. उत्तरं ऐकून त्यांना आश्चर्यच वाटलं. परवानगीने राहणारा माणूस बारा वर्षं राहिला म्हणून मालक होत नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चालत नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. नोंदवलेल्या कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदत संपल्यापासून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणजे काकूंची ढाल यजमानांनी करून ठेवली होती. मुदत संपल्यावर तिचं नूतनीकरण राहिलं होतं, इतकंच.

यानंतर काकूंना आठवडाभर छान झोप लागली. भाडं मात्र मागितलं नाहीच!

इथून माझं काम सुरू झालं. काकूंचे वडील दर एक तारखेला बिऱ्हाडकरूंच्या दारांवरून फिरत, कुणी "उद्या बघू" म्हणे, कुणी दारच उघडत नसे, आणि परत आल्यावर ते कुणाशी बोलत नसत. भाडं मागणं म्हणजे अपमान करून घेणं, हे त्या मुलीने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. माहिती देऊन हे सुटत नाही. प्रत्यक्ष मागूनच बघावं लागतं.

आम्ही मेसेजचा मसुदा केला. काकूंच्या पहिल्या मसुद्यात तब्येतीची चौकशी होती, "राग मानू नका" होतं आणि शेवटी "सवडीने द्या". तिन्ही त्यांच्याच हातून खोडून घेतलं. उरलं ते असं: "दोन महिन्यांचं भाडं ३६,००० रुपये बाकी आहे. शनिवारी अकराला येते. कसं द्यायचं ते बसून ठरवू." पाठवल्यावर फोन उलटा ठेवून त्या बसून राहिल्या. उत्तर लगेच आलं: "हो काकू, आम्हालाच बोलायचं होतं."

शनिवारी कळलं की त्या जोडप्याला ते घर परवडतच नव्हतं, सांगायची मात्र लाज वाटत होती. महिनाअखेर घर सोडायचं ठरलं. ७५,००० च्या डिपॉझिटमधून थकलेले दोन आणि चालू एक अशा तीन महिन्यांचे ५४,००० वजा जाता २१,००० परत द्यायचे होते, आणि ते काकूंकडे नव्हते. डिपॉझिट यजमानांच्या आजारपणात खर्च झालं होतं. त्यासाठी एक एफडी मोडावी लागली. छोट्या घरमालकांच्या निम्म्या काळज्या मला इथेच सापडतात: परत द्यायचा पैसा आपला समजून वापरलेला असतो, मग भाडेकरू जाणार म्हटलं की पोटात धस्स होतं.

नव्या भाडेकरूशी करार २४ महिन्यांचा केला. आधार आणि बोटांचे ठसे घेणारा माणूस घरीच आला. १८,००० भाडं आणि ७५,००० डिपॉझिटवर मुद्रांक शुल्क अकराशेच्या आसपास बसलं, नोंदणी फी १,०००, शिवाय त्या माणसाची फी. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर भाडेकरूलाच देऊन टाकले. हजारापर्यंतची दुरुस्ती त्याने न विचारता करायची, बिल पाठवायचं आणि भाड्यातून कापून घ्यायचं. भाडं पाच तारखेपर्यंत आलं नाही तर सहाला ठरलेला मेसेज जातो. त्या दिवशी काकूंचा मूड कसा आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. डाळिंबं बंद.

सगळ्यांनी स्वतःच सांभाळावं असं माझं मत नाही. एजंट भाडेकरू आणून देतो आणि दलाली घेतो. पुढे गळक्या नळाचा फोन बहुधा तुम्हालाच येतो. तो फोन वर्षभर घेऊनही धडधड कमी होत नसेल, तर विकण्यात कमीपणा नाही.

काकूंनी सिंहगड रोडचा फ्लॅट ठेवला आणि वारज्याचा विकला, कारण तिथल्या सोसायटीतली भांडणं त्यांना मनापासून नको होती. मुलाला वाटतंय, अखेर आईने आपलं ऐकलं. काकूंनी त्याचा तो समज अजून दूर केलेला नाही.