ठाण्यातला फ्लॅट, बाथरूमची नवी भिंत जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या) फ्रेम आणि सिमेंट बोर्डची. आतून पेक्स (पाण्याचा लवचिक प्लास्टिक) पाइप नेता येईल का?

येतो की. विटांच्या भिंतीसारखी झिरी मारायची कटकटही नाही. पण जीआय पट्टीला पाडलेल्या भोकाची कड ब्लेडसारखी असते आणि नळ उघडबंद करताना पाइप थोडा हलतोच. म्हणून प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी रबरी रिंग, हवाच. घोडबंदर रोडला आमचं काम चालू असताना प्लंबर म्हणाला, ‘काही होत नाही हो!’ शेवटी ग्रोमेट मीच आणून दिले.

गरम पाण्याचा पाइप लांबतो, 50 अंशांच्या फरकाला मीटरमागे साधारण 8 ते 10 मिमी. तेव्हा ताणून बांधू नका, थोडी ढील ठेवा; वळणाची त्रिज्या पाइपच्या बाहेरच्या व्यासाच्या किमान आठपट घ्या. गीझरला थेट जोडू नका, आधी अर्धा मीटर धातूचा पाइप.

भिंतीच्या आत शक्यतो जोड नकोच. पाइप बोर्डाला लागून जातो तिथे फ्रेमवर पत्र्याची पट्टी मारा, नाहीतर टॉवेल रॉडचा स्क्रू सरळ पाइपात! आणि बोर्ड लावण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या, शेजारी मेजरिंग टेप धरून फोटोही काढून ठेवा.