ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करावा की जुनाच ठेवावा?

तुमचा प्रश्न असा: एनव्हिडियाचं आरटीएक्स 3060 कार्ड आहे, आहेत ते गेम व्यवस्थित चालतात, पण एनव्हिडियाचं ॲप दर दोन-तीन आठवड्यांनी नवा ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) आल्याचं सांगत राहतं. मित्र म्हणतो, चालतंय त्याला हात लावू नकोस. मग करायचं काय?

मित्राचं निम्मं बरोबर आहे. ॲपने घंटी वाजवली म्हणून ड्रायव्हर टाकायचा नसतो. पण तीन वर्षं तोच ड्रायव्हर ठेवणंही योग्य नाही. काहीतरी कारण असेल तेव्हा अपडेट करायचं आणि त्याआधी मागे यायची वाट तयार ठेवायची, एवढं पाळलं तर या प्रश्नाची धास्ती राहत नाही.

नव्या ड्रायव्हरमध्ये असतं काय, ते आधी बघा. एनव्हिडियाचा गेम रेडी ड्रायव्हर साधारण एखादा मोठा गेम येताना निघतो. त्यात त्या गेमचं प्रोफाइल, त्यासाठी केलेल्या सुधारणा आणि काही दुरुस्त्या असतात. तुम्ही तो गेम खेळणार नसाल आणि दुरुस्त्यांच्या यादीत तुमची तक्रार नसेल, तर तुमच्या हाती जवळपास काहीच लागत नाही. जुन्या कार्डावर जुन्या गेमचे फ्रेम वाढतील ही आशा तर सोडूनच द्या. ती वाढ कार्ड बाजारात आल्यावर पहिल्या वर्षभरात होऊन गेलेली असते.

माझ्या मते अपडेटची खरी कारणं मोजकी आहेत. नवा गेम घेतलाय आणि तो ठरावीक आवृत्तीच्या खालचा ड्रायव्हर चालवून घेत नाही. तुम्हाला होणारा त्रास रिलीज नोट्समध्ये दुरुस्त झालेल्या दोषांत नावानिशी आलाय. डीएलएसएसची (लहान चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राची) नवी आवृत्ती ॲपमधून जबरदस्तीने लावायची सोय हवी आहे (त्याला 572.16 किंवा पुढचा लागतो). किंवा सुरक्षेची दुरुस्ती आली आहे. या शेवटच्या कारणाकडे लोक सर्रास काणाडोळा करतात. ड्रायव्हरचा एक भाग थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, चालतो. त्यातल्या त्रुटीचा फायदा घेऊन संगणकात आधीच शिरलेला एखादा प्रोग्रॅम पूर्ण ताबा मिळवू शकतो. बहुतेक त्रुटींसाठी हल्लेखोराला आधी आत शिरावं लागतं, म्हणून त्याच रात्री धावपळ करायची गरज नाही. पण वर्षापेक्षा जुना ड्रायव्हर ठेवू नये, तो यासाठीच.

आता न टाकण्याची बाजू. जानेवारी 2025 च्या शेवटी एनव्हिडियाच्या 50 सीरिजच्या कार्डांबरोबर ड्रायव्हरची 572 ने सुरू होणारी शाखा आली आणि काळ्या स्क्रीनच्या तक्रारींचा पूर लोटला. त्यात 30 (तुमचं कार्ड याच सीरिजचं) आणि 40 सीरिजवालेही होते. कित्येक जण डिसेंबर 2024 च्या 566.36 वर परत गेले आणि काही महिने तिथेच थांबले. एप्रिलमध्ये 576.02 आला, त्यात दुरुस्त्यांची भलीमोठी यादी होती. पण त्याच ड्रायव्हरमध्ये नवा घोळ निघाला: संगणक स्लीपमधून उठला की कार्डचं तापमान वाचणाऱ्या ॲपना आकडा मिळेनासा व्हायचा. ज्यांनी पंख्याचा वेग त्या आकड्यावर बांधला होता त्यांचे पंखे जुन्याच वेगाने फिरत राहायचे. त्यासाठी 576.15 हा हॉटफिक्स (ठरावीक दोषासाठी घाईने काढलेला ड्रायव्हर) काढावा लागला. एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीकडेही असं झालंय. ऑक्टोबर 2023 मधल्या 23.10.1 मधलं अँटी-लॅग प्लस काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये चालू केलं की गेमची फसवणूकविरोधी यंत्रणा खेळाडूवर बंदी घालायची. एएमडीला ते फीचर मागे घ्यावं लागलं.

म्हणून नवा ड्रायव्हर आला की आठवडा-दोन आठवडे थांबा. तेवढ्यात हॉटफिक्स येतो तरी किंवा लोकांची बोंब ऐकू येते तरी. आणि हॉटफिक्स हा बीटा असतो, त्याची तपासणी घाईत झालेली असते. त्यात लिहिलेला दोष तुम्हाला छळत असेल तरच तो घ्या.

हातातली आवृत्ती कुठली ते ॲप न उघडताही कळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली कार्डावर डबल क्लिक करून ड्रायव्हर टॅब उघडा. तिथे 32.0.15.6636 असं काहीतरी दिसेल. टिंबं काढून शेवटचे पाच अंक घ्या, 56636, आणि तिसऱ्या अंकानंतर टिंब द्या: 566.36. ही युक्ती फक्त एनव्हिडियाला लागू. एएमडीचा आकडा असा उलगडत नाही, तो ॲड्रेनलिन ॲपमध्येच बघायचा.

अपडेटच्या आधी सध्याच्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइल डाउनलोड करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती हीच. स्क्रीन काळी पडल्यावर जुनी फाइल कुठे शोधणार? एक सिस्टिम रिस्टोअर पॉइंटही करून ठेवा. मग इन्स्टॉल करताना कस्टम निवडा. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरला किंवा टीव्हीला आवाज जात असेल तर एचडी ऑडिओची खूण काढू नका, नाहीतर आवाज गायब होतो आणि दोष ड्रायव्हरवर येतो. 'क्लीन इन्स्टॉलेशन' दर वेळी लागत नाही. त्याने कंट्रोल पॅनेलमधले रंग, स्वतः बनवलेली रेझोल्यूशन्स आणि गेमनिहाय सेटिंग्ज पुसली जातात. मध्ये स्क्रीन काही सेकंद एक-दोनदा काळी होते. तेव्हा पॉवर बटण दाबायचं नाही. संपल्यावर इन्स्टॉलरने सांगितलं नाही तरी रीस्टार्ट करा.

पुढे एक गोष्ट हमखास फसवते. नवा ड्रायव्हर टाकला की जुना शेडर कॅशे (चित्र काढणारे छोटे प्रोग्रॅम कार्डासाठी तयार करून ठेवलेला साठा) निकामी होतो आणि गेम तो नव्याने बांधतो. त्यामुळे पहिल्या वेळी गेम अडखळतो. अर्धा-एक तास खेळून बघा, तोवर निकाल देऊ नका. 'नव्या ड्रायव्हरने गेम अडकतोय' अशा पुष्कळ तक्रारी इथेच विरघळतात.

तरीही गेम बंद पडत असेल तर आधी ओव्हरक्लॉक (कार्डाचा वाढवलेला वेग) किंवा अंडरव्होल्ट (कमी केलेलं व्होल्टेज) काढून टाका. जुन्या ड्रायव्हरवर जेमतेम टिकलेलं अंडरव्होल्ट नव्यावर कोसळू शकतं. मग इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये 4101 हा इव्हेंट शोधा. कार्डाने ठरावीक वेळेत उत्तर दिलं नाही (मूळ मर्यादा 2 सेकंदांची असते) आणि विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला, असा त्याचा अर्थ. अशा नोंदी अपडेटच्या आधीच्या तारखांनाही असतील तर नव्या ड्रायव्हरला दोष देऊ नका. पॉवर सप्लायच्या केबल, तापमान आणि रॅम तपासा. नुसती स्क्रीन गोठली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ड्रायव्हर रीसेट होतो आणि पुष्कळदा चित्र परत येतं.

मागे यायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच ड्रायव्हर टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर'. पण क्लीन इन्स्टॉलेशन केलं असेल तर ते बटण बहुधा करडं असतं. मग डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हा जुना ड्रायव्हर मुळापासून पुसणारा प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्या ड्रायव्हरवर चालते ती अवस्था) वापरा. त्याआधी दोन गोष्टी बघाच. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर किंवा फोनमध्ये असू द्या, कारण सेफ मोडला जाताना ती मागितली जाऊ शकते. आणि खात्याचा खरा पासवर्ड आठवतोय ना? सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही. हे झालं की इंटरनेट तोडा. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जा आणि 4 दाबून सेफ मोडमध्ये शिरा. डीडीयूमध्ये जीपीयू आणि एनव्हिडिया निवडून 'क्लीन अँड रीस्टार्ट' करा, ठेवलेला जुना इन्स्टॉलर चालवा, मगच इंटरनेट जोडा. क्रम उलटा झाला तर विंडोज अपडेट मधल्या मध्ये स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. तो पुढेही घुसू नये म्हणून डीडीयूच्या पर्यायांमध्ये विंडोज अपडेटचे ड्रायव्हर रोखायची सोय आहे.

डीडीयू हे दर अपडेटला करायचं कर्मकांड नाही. एनव्हिडियावरून एएमडीवर जाताना किंवा ड्रायव्हर खरंच बिघडलेला असताना ते वापरायचं.

तुमच्याकडे 3060 आहे, म्हणून तुम्हाला निवड तरी आहे. जीटीएक्स 900 आणि 10 सीरिजला शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 मध्ये मिळाला. आता ऑक्टोबर 2028 पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील, त्या डोळे झाकून घ्याव्यात. 16 सीरिज मात्र यात नाही, तिच्या चिपची रचना वेगळी. उलट टोकाला इंटेलची आर्क कार्डं. 2022 मध्ये ती कार्डं आली तेव्हा डायरेक्टएक्स 9 च्या गेममध्ये लंगडत होती आणि पुढची बरीचशी सुधारणा निव्वळ ड्रायव्हरमधून आली. आर्कवाल्याने जुन्याला चिकटून बसण्यात अर्थ नाही.

व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम असेल तर एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर घ्या, तो कमी वेळा बदलतो. हाती घेतलेलं काम संपेपर्यंत तोही बदलू नका. कूडावर (एनव्हिडियाच्या कार्डावर गणिती कामं करायची प्रणाली) काम करणाऱ्यांनी नव्या ड्रायव्हरला भिऊ नये, कारण जुन्या कूडावर बांधलेले प्रोग्रॅम नव्या ड्रायव्हरवर चालतात. अडचण उलट बाजूने येते: कूडा 12 साठी ड्रायव्हर किमान 525 च्या शाखेतला लागतो. लॅपटॉपवर स्क्रीनचा ब्राइटनेस, स्लीप किंवा ग्राफिक्सची अदलाबदल बिघडली तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकून बघा. तो जुना दिसतो, पण त्या मॉडेलवर तपासलेला असतो. आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचाही ड्रायव्हर अपडेट करा, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्क्रीन त्यालाच जोडलेली असते.